दुधाचा थांबा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद हवे असतील तर घे, नको असतील तर पाकिटातच राहू देत. पत्ता मावशीच्या मुलीकडून मिळाला. "मी दिला असं सांगू नकोस हं," असं तिने बजावलं होतं, म्हणून आधीच सांगून टाकते. फोन तू उचलत नाहीस. पत्र मात्र दाराखालून आत सरकतं, ते उचलावंच लागतं, नाहीतर माणूस त्यावरून घसरतो.

काम आहे म्हणून लिहिते आहे. आपल्या ख्रिस्तमंदिराचं छप्पर एकदाचं बदलायला घेतलंय. तू असताना ते दाराजवळ गळायचं, नंतर आम्हा गाणाऱ्यांच्या डोक्यावरच गळायला लागलं, तेव्हा कुठे मंडळींना जाग आली. सध्या उपासना शाळेच्या जेवणघरात होते. तिथली बाकं टेबलांना जोडलेली आहेत. गायला उभं राहिलं की सगळे गुडघ्यात वाकलेले, जणू कंबरदुखीच्या दवाखान्यात रांग लागली आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी परत आपल्या जागेत जायचं. त्या दिवशी नवं गाणं हवं, असं पाळकसाहेब म्हणाले आणि मी "होईल की" म्हणून मोकळी झाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मला गाता येतं, दुसऱ्यांकडून गाऊन घेता येतं, बेसूर माणसाला नुसत्या डोळ्यांनी गप्प करता येतं. गाणं करता येत नाही. शब्द तुझे, चाल तुझी, मी आपली पुढे उभी राहणारी. तू गेल्यापासून मंडळीत एकही नवं गाणं झालेलं नाही. तर एक पाठव. मोठं नको, दोन कडवी पुरेत. चाल फोनवर गुणगुणून पाठवलीस तरी मी बसवून घेईन.

तुझ्या शेवटच्या गाण्याची गंमत तुला ठाऊक नसेल. लोकांना घरी पाठ करता यावं म्हणून तू ते स्वयंपाकघरात बसून फितीवर गाऊन ठेवलं होतंस, आठवतं? "रिकामे हात घेऊन आलो" म्हणालास आणि दूध उतू जायला लागलं. तू उठून गॅस बंद केलास, परत आलास आणि "तूच भर, वा तसेच धर" म्हणून पुढे चालू लागलास. भांड्याचा आवाज तेवढा तू नंतर पुसलास, मधली शांतता तशीच राहिली. मग तू गेलास. लोकांनी त्या ध्वनिफितीवरूनच गाणं पाठ केलं. आता आख्खी मंडळी "रिकामे हात घेऊन आलो" म्हणते आणि गप्प उभी राहते. बरोबर गॅस बंद करून यायला लागतो तेवढा वेळ. मी किती वेळा हात हलवले, टाळी दिली, मोठ्याने पुढची ओळ उचलली. एकटीच तोंडघशी पडले. गायनपथकात आम्ही त्याला दुधाचा थांबा म्हणतो. मागे बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, ते त्या थांब्यावर अर्धा तास बोलले. म्हणाले, या शांततेत केवढं समर्पण आहे! आमचा गिटारवाला हसू दाबता दाबता खोकत बाहेर गेला.

उत्तर लवकर दे. माझा घसा जरा बसलाय, बाकी बरी आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं असणार. परत आलं नाही, म्हणजे मिळालं.

तू पाठवत नाहीस म्हटल्यावर म्हटलं, आपणच करून बघू. त्यात काय, अठरा वर्षं पुढे उभी राहून गाते आहे, अंगात काही मुरलं असेलच. पाळकसाहेबांना विचारलं, गाणं कसं सुचतं? ते म्हणाले, पहाटे उठा, निवांत बसा, पवित्र शास्त्र उघडा, तो बोलेल. मी पहाटे उठले. निवांत बसले. शास्त्र मांडीवर ठेवून अशी गाढ झोपले की कामावर उशीर झाला. गिटारवाला म्हणाला, "ताई, मी चार सूर वाजवत राहतो, तुम्ही त्यावर डोळे मिटून काहीही म्हणत जा. सगळे असंच करतात." मी डोळे मिटले. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो ना, जेवणाच्या सुट्टीत येतो, त्यामुळे दुकानाचा पांढरा कोट घालूनच वाजवत होता. मी डोळे उघडले की मला वाटायचं, आता हा अक्षरांचा फळा पुढे धरणार. तोंडातून बाहेर पडलं ते सगळं तुझंच निघालं. "रिकामे" निघालं, "हात" निघाले, आणि पुढे मी आपसूक थांबलेसुद्धा.

मग मी टेकडीवर गेले. लोकांना म्हणे डोंगर बघून गाणी सुचतात. वर वारा होता, आणि एक जोडपं भांडत होतं. त्यांचं भांडण ऐकून आले.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! असं बोलून मोकळं होता येतं, पण रविवारी पुढे उभं राहिलं की ते वाक्य म्हणून भागत नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी म्हणते, "चला, आनंदाने गाऊ या," आणि गाते आनंदानेच, आवाज तसा लावते. घरी येऊन बूट काढते तेव्हा लक्षात येतं की शुक्रवारी कामावरून सुटल्यापासून गाण्याखेरीज एकाही माणसाशी मी बोललेले नाही.

तुझा कीबोर्ड पुढच्या खोलीत आहे, चादरीखाली. वरच्या मजल्यावरची बाई साखर मागायला आली होती, तिला वाटलं इस्त्रीचं टेबल आहे. मी म्हटलं, हो.

घसा अजून तसाच आहे. धुलाईखान्यातली वाफ बाधत असेल. इस्पितळाचाच धुलाईखाना म्हटल्यावर वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेतच, दाखवीन कधीतरी.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

आज मी चिडलेली आहे, तेव्हा बसून वाच.

मावशीच्या मुलीला तू फोन केलास. तिला म्हणालास, "ताईला सांग, मी आता तसलं काही लिहीत नाही." तसलं! आणि मला सांगायला तुला एक मध्यस्थ लागतो, जणू आपला वाटणीचा खटला चालला आहे. ती बिचारी मला सांगताना अशी चाचरत होती की मीच तिला पाणी दिलं.

तर ऐक. घसा दाखवला. डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान असेल. नाकातून नळी घालून तिने पडद्यावर माझा गळा मलाच दाखवला. स्वरतंतूवर एक गाठ आहे. वाईट जातीची दिसत नाही म्हणाली, पण काढायला हवी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया. नंतर काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी विचारलं, मग गाणं? ती म्हणाली, बोलणं परत येईल, गाण्याचं काही सांगता येत नाही. कागद बघून विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, खाली धुलाईखान्यात आहे. तर म्हणाली, "मग आवाजाची तशी अडचण नाही."

ती वाईट नाही रे. तिने माझ्या कामाचाच विचार केला. मी हो हो म्हणत जिना उतरले, इस्त्रीच्या मोठ्या रुळांपाशी जाऊन उभी राहिले आणि चादरी घालत राहिले. तिथे एवढा आवाज असतो की माणूस रडला तरी कळत नाही, फक्त तोंड वाकडं दिसतं. पलीकडच्या टोकाला शिवणवाली होती, फाटक्या चादरी वेगळ्या काढणारी. तिने खुणेने विचारलं, काय? मी खुणेने सांगितलं, वाफ.

म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी कदाचित शेवटचं पुढे उभी राहणार. हे मंडळीत कोणाला सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांनाही नाही. सांगितलं की ते पुढे बोलावून हात ठेवून प्रार्थना करतील, सगळ्या बायका रडतील, आणि मग माझ्याकडून सूर लागायचा नाही. तुला सांगते आहे, कारण तू उत्तर देत नाहीस. भिंतीला सांगितल्यासारखं सोपं आहे.

मला तुझं गाणं हवं होतं ते एवढ्यासाठी. जाता जाता तुझं काहीतरी नवं गाऊन जावं, एवढीच हौस होती. तुझ्या "तसल्या"तलं एक.

तू भर उपासनेत कीबोर्ड बंद करून निघून गेलास त्या रविवारी घरी आल्यावर मला विचारलं होतंस, "ताई, आपण गातो ते पलीकडे कोणी ऐकतं का गं? तुला कधी वाटत नाही, कोणी नाहीच म्हणून?" मी म्हटलं, "वेड्यासारखं बोलू नकोस, पाव संपलाय, घेऊन ये." तू पाव आणलास, टेबलावर ठेवलास, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. मला तेव्हाही वाटत होतं रे. अजून वाटतं. बहुतेक रविवारी वाटतं. पण दोघांनी एकदम बसून चालत नाही ना, एकाने तरी उभं राहायला लागतं, एवढंच मला समजत होतं.

गाणं नको पाठवूस. नुसतं बरा आहेस एवढं कळव.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

तू काही कळवलं नाहीस. तरी लिहिते, कारण आज जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

आमच्या धुलाईखान्यात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही हे तुला मागे सांगितलंय. शिवणवाली मात्र दिवसभर बोलत असते. सुईत दोरा ओवताना बोलते, चादर उजेडात धरून भोकं शोधताना बोलते. मी टोकाला असते, तिची हनुवटी वरखाली होताना दिसते, मी मान हलवते. मला वाटायचं, ती आपली पुटपुटते. आज दुपारी वीज गेली. रूळ थांबले, पंखे थांबले, पाण्याची मोटर थांबली, आणि एकदम गार शांततेत तिचा आवाज केवढ्याने घुमला: "…म्हणून मी जावयाला म्हटलं, माझ्या मुलीशी असं वागलास तर घरात पाऊल ठेवू देणार नाही!"

सगळे हसायला लागले. ती लाजली. मी तिला म्हटलं, "अगं, एवढं महत्त्वाचं तू मला सांगत होतीस? मला तर एक अक्षर ऐकू येत नाही. गेली सहा वर्षं मी उगाच मान हलवते आहे."

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे की."

"मग बोलतेस कशाला?"

"बाई गं, तू समोर असतेस ना! मग काय गप्प बसू?" आणि वर म्हणाली, "आणि तू तरी कशाला मान हलवतेस, ऐकू येत नाही तर?"

वीज आली, रूळ फिरायला लागले, ती परत सुरू झाली. जावयाचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. मी चादरी घालत होते आणि मला हसू येत होतं, आणि हसता हसता माझ्या तोंडात एक ओळ आली. खरंच सांगते, आली. मी बोलावली नव्हती. रूळ एका लयीत फिरतात ना, चादर आत ओढली जाते तेव्हा एक जोर येतो आणि मग सैल पडतं, त्याच लयीत आली. आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं, म्हणून लाजही वाटली नाही. सुट्टी होईपर्यंत चार ओळी झाल्या. विसरू नये म्हणून घरापर्यंत म्हणत गेले. भाजीवाल्याने "काय देऊ?" विचारलं तर त्याला मान हलवून पुढे गेले. घरात काही नव्हतं, पाव खाल्ला.

ओळी अशा आहेत. हसू नकोस. हसलास तरी मला काय कळणार आहे म्हणा.

ऐकतोस का, मला न कळे,
तरी तुझेच ओठी नाव.
उजेड विझला, वाट न दिसे,
तरी पुढे तुझाच गाव.

तू असतास तर "पहिलीच ओळ बरी आहे, बाकीचं जमवलंयस" म्हणाला असतास. मलाही तसंच वाटतं. पण माझं आहे. पन्नाशी उलटल्यावर पहिलं बाळंतपण, कौतुक नको का थोडं!

ताई


१५ एप्रिल

धाकट्या,

आनंद फार टिकला नाही. पाळकसाहेबांना गाणं म्हणून दाखवलं, कागदही दिला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, परत वाचलं. म्हणाले, "चाल छान आहे. मात्र पहिली ओळ जरा बदलू या का? 'ऐकतोस तू, मला हे कळे.' एवढंच. नव्या छपराखाली पहिल्याच दिवशी मंडळी 'मला न कळे' म्हणणार, ते बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "मग दुसऱ्या ओळीतल्या 'तरी'चं काय करायचं? कळत असेल तर नाव घेण्यात विशेष ते काय!"

ते म्हणाले, "तुम्ही पुढे उभ्या राहता. लोक तुमच्याकडे बघून विश्वास ठेवतात. तुम्हीच 'न कळे' म्हटलंत तर?"

खरं सांगायचं तर मी भ्यालेच. एवढी वर्षं "चला, आनंदाने गाऊ या" म्हणणारी बाई मी. घरी येऊन त्यांची ओळ म्हणून बघितली. चालीत चपखल बसते रे. काहीच अडचण नाही. दोनतीनदा म्हटली, आणि नंतर मला ती म्हणवेना. घसा नव्हे, मीच नको म्हणत होते. तू कीबोर्डचं झाकण लावलंस तेव्हा तुला असंच झालं होतं का?

काल सराव होता. मी आधीच जाऊन त्यांना सांगितलं, "साहेब, ओळ बदलायची असेल तर आपण जुनंच गाणं घेऊ. हे मी घरी गाईन." आणि मग बाकीचंही सांगितलं, गाठीचं, शस्त्रक्रियेचं, तुझं. तुझं सांगताना जीभ जरा जास्तच चालली, माफ कर. त्यांचे बूट करकरतात ना, एरवी ते सारखे हलत असतात, तेव्हा हलले नाहीत. मग म्हणाले, "मला ही ओळ अजूनही आवडत नाही. पण ती मनातल्या मनात म्हणणारी माणसं आपल्या मंडळीत कुठल्या बाकावर बसतात, ते मला ठाऊक आहे. गा तुम्ही." निघताना म्हणाले, "पुढचं बाक धरा त्यात." त्यांचं स्वतःचं बाक पुढचंच आहे.

पुढे बोलावून प्रार्थना मात्र करायची नाही, असं कबूल करून घेतलंय.

आवाज सकाळी बरा असतो, संध्याकाळी फाटतो. वरचा सूर गेलाय, म्हणून गाणं खाली उतरवलं. दिवसभर मी मुकी राहते, शिवणवालीलाही काही उत्तर देत नाही. तिला फरक पडलेला नाही.

ताई


२९ एप्रिल

धाकट्या,

रविवार झाला.

मंदिर आतून ओळखू येत नाही. छप्पर पांढरं, रंगाचा वास, आणि एवढा लख्ख उजेड की सगळ्यांची वयं दिसतात. माणसंही खूप आली होती. जी तुझ्यासारखी निघून गेली होती त्यांच्यातलीही काही आली. दर वेळी दार उघडलं की मी बघत होते. तू येणार नाहीस हे ठाऊक होतं, तरी मान वळायचीच. अखेर गिटारवाला म्हणाला, "ताई, मान अवघडेल." तेव्हा पुढे बघायला लागले.

आधी तुझं गाणं झालं, दुधाच्या थांब्यासकट. मग माझं. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "हे नवं आहे, आपल्या ताईंनी केलंय." लोकांना आठवडाभर आधी शब्द दिले होते, थोडंफार पाठ होतं. गिटार सुरू झाली. मी श्वास घेतला आणि म्हटलं, "ऐकतोस का."

आणि आवाज गेला. फाटला नाही, घसरला नाही, गेलाच. तोंड उघडं आणि आत काही नाही. गिटारवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचाही हात थांबला. मला वाटलं, संपलं. सगळ्यांदेखत, नव्या छपराखाली, पहिल्या दोन शब्दांत संपलं. मी वहीत बघायला लागले, जणू शब्द विसरले आहे.

कोणी हललं नाही. कोणी कुजबुजलं नाही. मी वर बघितलं तर सगळी मंडळी नुसती उभी होती, आरामात, दुधाच्या थांब्यात उभी राहते तशी. त्यांना वाटलं होतं, गाणं असंच आहे! या घरातली गाणी म्हणजे मध्ये थांबायचं असतं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलंय. गॅस बंद करून यायला लागतो तेवढा वेळ झाला, आणि मागच्या बाकांवरून आधी आणि मग पुढून, सगळे मिळून म्हणाले, "मला न कळे, तरी तुझेच ओठी नाव."

मी त्यांना सूर दिला नव्हता. हात केला नव्हता. पुढचं सगळं त्यांनीच गायलं, थोडं बेसूर, थोडं घाईत. मी समोर तोंड मिटून उभी राहिले आणि ऐकलं. गाणं चालू असताना ते ऐकायला मला कधी मिळालंच नव्हतं रे. मी नेहमी पुढची ओळ उचलण्याच्या घाईत. पाळकसाहेबही गात होते, आणि ती ओळ त्यांनी बदलली नाही, मी त्यांचे ओठ नीट बघितले.

नंतर बायका येऊन म्हणाल्या, "तो पहिला थांबा किती छान घेतलात!" मी मान हलवली. दुसरं काय करणार!

परवा भरती व्हायचंय. बॅगेत कपडे ठेवले. घरी आल्यापासून मला भीती वाटते आहे, ती या पत्रात ठेवते. सोबतीला कोण, असं इस्पितळाच्या कागदावर विचारलं होतं, तिथे शिवणवालीचं नाव लिहिलंय.

ताई


२१ मे

धाकट्या,

गाठ साधी निघाली. शिवणवाली तिन्ही दिवस उशाशी बसून जावयाचं पहिल्यापासून सांगत होती. तो सुधारला आहे.

अजून बोलायची परवानगी नाही. गळ्यात एक पाटी अडकवून फिरते. दुकानात लोक पाटी वाचून माझ्याशी मोठमोठ्याने बोलतात, जणू माझे कान कापले आहेत. घरी पाटी काढून ठेवते, तिथे कोणाला दाखवायची!

गेल्या रविवारी मंदिरात गेले आणि पहिल्यांदाच लोकांत, बाकावर बसले. त्यांनी माझं गाणं घेतलं. गिटारवाला पुढे उभा होता. "ऐकतोस का" म्हणाला आणि आख्खी मंडळी थांबली. मी बाकावरून दोन्ही हात हलवून सांगत होते, अरे, नाही रे, तिथे थांबा नाही, ते चुकून झालं होतं! शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझे हात धरून खाली केले आणि थोपटले. त्यांना वाटलं, मला भरून आलं. आता कायमचं झालं ते. दुधाचा थांबा तुझा, हा माझा.

पुढचं लिहायला हात धजत नव्हता, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

काल संध्याकाळी गिटारवाला सूप घेऊन आला होता. टेबलावर डबा ठेवून दारातच घोटाळत राहिला आणि म्हणाला, "ताई, रागावू नका, त्या रविवारचं मी फोनवर उतरवलं होतं. तुमच्या भावाला पाठवलं. कधीच पाठवलं होतं, त्याचं काही आलं नाही म्हणून बोललो नाही." मी पाटीवर "गाढव" लिहिलं. तो हसून गेला.

आज सकाळी मी चहा ठेवला होता आणि फोन वाजला. तुझा नंबर. निरोप काही नव्हता, "ताई"सुद्धा नव्हतं, नुसता आवाज. आधी वारा. मग कसलं तरी लोखंड करकरतंय. तुझी ती बंदरातली क्रेन असणार, मावशीच्या मुलीने सांगितलंय, तू वर काचेच्या खोलीत दिवसभर एकटा असतोस. मग लोखंडावर बोटांनी धरलेला ठेका, माझ्या रुळांच्या लयीचा. आणि तू. आवाज जाड झालाय तुझा. सिगारेट सोड.

"ऐकतोस का," तू म्हणालास, आणि पुढे काही नाही.

मला वाटलं, फोन बंद पडला. हलवून बघितला. वारा येत होता, लोखंड करकरत होतं, तू नव्हतास. मग मला कळलं. तू थांबला होतास. मंडळीकडून शिकलास ते, जशी मंडळी तुझ्याकडून शिकली. माझा आवाज गेला तेवढी जागा तू तशीच रिकामी ठेवलीस. मी चहाच्या भांड्यापाशी उभी, डॉक्टरांची ताकीद, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि समोर तू विचारून थांबलेला. मग तू "मला न कळे" म्हणालास आणि पुढे गेलास.

चहा उतू गेला. गॅस बंद करून आले आणि तुझं गाणं परत लावलं. दिवसभर तेच केलं. दर वेळी तू तिथे तेवढाच थांबतोस, आणि दर वेळी मी तोंड उघडते आणि मिटते.

तिथे दुरुस्ती करू नकोस, धाकट्या. तो थांबा राहू दे. बोलायची परवानगी मिळेपर्यंत मला धीर धरवत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे, पाटीवर लिहिते तसं, मोठ्या अक्षरात.

ऐकते आहे.

ताई